कृषी विद्यापीठाची शिफारस माझ्या रानात का चालली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगळवेढा तालुक्यात आठ एकर कोरडवाहू काळं रान. घरात वर्षानुवर्षं मालदांडी ज्वारी. यंदा तीन एकरांत कृषी विद्यापीठाचं ‘फुले वसुधा’ हे ज्वारीचं वाण पेरलं. पाऊस लांबल्यामुळे पेरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली आणि उतारा गेल्या वर्षीच्या मालदांडीपेक्षा एकरी दोन पोती कमी पडला. वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम लागतो, तिथे तर कणसं भरलीच नाहीत. दुकानदार म्हणाला, ‘विद्यापीठाचं संशोधन त्यांच्या फार्मवरच चालतं, आपली जुनी मालदांडीच बरी.’ तेव्हा विद्यापीठातली माणसं नेमकं करतात तरी काय आणि त्यांच्या शिफारशीवर किती विसंबायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुमच्याकडे यंदा एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या: वाण बदललं, पेरणीची तारीख बदलली आणि पाऊसपाणीही बदललं. उतारा घटला हे खरं, पण तो वाणामुळे घटला, उशिरामुळे घटला की परतीचा पाऊस धरला नाही म्हणून घटला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला नाही, दुकानदाराला नाही आणि मलाही नाही. यंदा त्याच रानात, त्याच दिवशी, शेजारी दहा तास, म्हणजे पेरणीच्या दहा ओळी, मालदांडीचे असते, तर सांगता आलं असतं. शेजारचे हे दहा तास पेरणं, त्यांची वेगळी कापणी करणं आणि वेगळं वजन घेणं हेच कृषी संशोधनाचं मूळ काम आहे. बाकी सगळं त्याच्याभोवती उभं राहतं.

दुकानदाराच्या बोलण्यातला ‘जुनी मालदांडी’ हा शब्दही तपासून घ्या. आज आपण जिला घरची, वाडवडिलांची म्हणतो, ती मालदांडी ३५-१ मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली आहे. शेतकऱ्यांच्या रानात स्थानिक मालदांडीचे कितीतरी प्रकार मिसळून होते. त्यातली चांगली ताटं, म्हणजे ज्वारीची झाडं, वेगळी काढायची, त्यांची कणसं स्वतंत्र ओळींत पेरायची, ओळींची एकमेकींशी तुलना करायची आणि चांगली ओळ पुढे न्यायची, अशा पद्धतीने ती हाताला लागली. म्हणजे मूळ बी शेतकऱ्याचं आणि निवड संशोधन केंद्राची. ती इतकी पक्की निघाली की पुढे रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत नव्या वाणाला तिच्याशीच सामना करावा लागला. तेव्हा मालदांडी आणि वसुधा हा ‘घरचं विरुद्ध विद्यापीठाचं’ असा सामना नाही. दोन्ही संशोधनातूनच आल्या आहेत, एक जुनी आणि एक नवी, इतकंच.

आता आपल्या जिल्ह्यात कोण काय करतं ते बघू, कारण इथे बराच गोंधळ असतो. शहरातलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ सालचं. ते कृषी विद्यापीठ नाही आणि पिकांच्या शिफारशी तिथून येत नाहीत. पश्चिम महाराष्ट्राचं कृषी विद्यापीठ म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, स्थापना १९६८. अकोला, परभणी आणि दापोली ही बाकीची तीन. राहुरीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र सोलापुरात आहे आणि त्याचा मुख्य विषय कोरडवाहू शेती. सोलापुरात हे काम १९३३ पासून चाललंय. त्या काळी कोरडवाहू संशोधनासाठी देशात जी मोजकी ठिकाणं निवडली त्यात सोलापूर होतं. पुढे १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, त्यातही हे केंद्र आहे. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र मात्र दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं, २००५ सालचं. ते विद्यापीठाचं नव्हे. कृषी विज्ञान केंद्राचं काम आणखी वेगळं. तयार झालेलं तंत्र तालुक्याच्या मातीत चालतं का हे शेतकऱ्याच्या रानात बघायचं आणि चाललं तर दाखवायचं. तालुका कृषी अधिकाऱ्याचं कार्यालय हे राज्याच्या कृषी विभागाचं. योजना आणि अनुदान तिथे मिळतं, संशोधन तिथे होत नाही.

कृषी विद्यापीठाला तीन अंगं असतात: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. एकच प्राध्यापक सकाळी वर्गात पैदासशास्त्र शिकवतो आणि दुपारी प्रयोगाच्या प्लॉटमध्ये उभा असतो. एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलांचे प्रबंध हे बहुतेक अशाच प्रयोगांचे तुकडे असतात: कोणी खताच्या मात्रेवर, कोणी खोडमाशीवर, कोणी दाण्याच्या गुणवत्तेवर. एका मुलाच्या प्रबंधातून शिफारस निघत नाही, निघूही नये. पण तीन-चार वर्षांत वेगवेगळ्या मुलांनी त्याच प्रश्नावर घेतलेल्या नोंदी जुळू लागल्या, की विभागाला पुढचा मोठा प्रयोग कुठे लावायचा ते कळतं. प्राध्यापक वर्गाचं संशोधनातलं हे योगदान बाहेरून दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तिथे फक्त परीक्षा होतात.

नवं वाण कसं तयार होतं ते सांगतो, म्हणजे आकड्यांमागचं वजन लक्षात येईल. दोन आई-बाप वाणांचा संकर करायचा, समजा एकात कडबा चांगला आणि दुसऱ्यात दुष्काळ सोसण्याची ताकद. पुढच्या पिढ्यांत हजारो ताटं वेगवेगळी निघतात, त्यातून निवड करत करत गुण स्थिर होईपर्यंत सहा-सात पिढ्या जातात. रब्बी ज्वारीला वर्षात एकच हंगाम, म्हणून हीच सहा-सात वर्षं. मग केंद्रावर प्राथमिक चाचणी, त्यातून उरलेल्यांची अनेक ठिकाणी चाचणी, त्यातून उरलेल्यांची देशपातळीवर समन्वित चाचणी, आणि तीही एकापेक्षा जास्त हंगाम. शेवटी चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, त्या वाणावर किंवा तंत्रावर चर्चा होते. तिथे दुसऱ्या विद्यापीठाचे लोक आकडे उलटसुलट तपासतात. बरेच प्रस्ताव ‘आणखी एक वर्ष चाचणी घ्या’ म्हणून परत जातात. यातून जे पार होतं तेच कृषी दर्शनीत, म्हणजे विद्यापीठाच्या शिफारशींच्या पुस्तकात, छापलं जातं. पहिल्या संकरापासून मोजलं तर दहा-बारा वर्षं सहज जातात.

चाचणीचा प्लॉट लांबून बघितला तर चौकोनी वाफ्यांचं रान दिसतं. जवळ गेलात तर प्रत्येक वाफ्याच्या तोंडाला नंबराची पाटी असते आणि नंबर उलटसुलट लावलेले असतात. एकच वाण तीन-चार ठिकाणी पेरलेलं असतं, कधी बांधाजवळ, कधी मधोमध. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली असते. याचं कारण साधं आहे. कुठलंही रान सगळीकडे सारखं नसतं. एक वाण फक्त खालच्या सखल भागात आलं आणि दुसरं फक्त वरच्या मुरमाड भागात, तर आपण वाणाची तुलना केली नाही, मातीची केली. चार ठिकाणी पेरलं आणि चारही ठिकाणी तेच वाण पुढे राहिलं, तर त्यात काही अर्थ आहे. कापणीच्या वेळी वाफ्याच्या कडेच्या ओळी बाजूला काढतात, कारण कडेच्या ताटांना उजेड आणि ओल जास्त मिळते आणि ती फुगीर उतारा दाखवतात.

नंतर येतो ‘सी.डी.’ हा शब्द, म्हणजे किती फरक पडला तर तो खरा मानायचा याची मर्यादा. उदाहरणादाखल, एका चाचणीत नवं वाण हेक्टरी १९ क्विंटल आणि मालदांडी १८.२ क्विंटल आली, आणि त्या चाचणीची सी.डी. १.६ निघाली, तर शास्त्रज्ञ त्याला फरक म्हणणार नाही. माझ्या मते शेतकऱ्याने विद्यापीठाकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी. ८० किलोचा फरक दिसला म्हणून लगेच नाचायचं नाही आणि ८० किलोने कमी आलं म्हणून शिव्याही घालायच्या नाहीत.

आता तुमच्या रानाकडे येतो. शिफारशीचं पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं अर्धं दुकानातून घरी येईपर्यंत गळून पडतं. ‘फुले वसुधा पेरा’ हे अर्धं वाक्य झालं. पूर्ण वाक्य असं आहे: भारी, म्हणजे साठ सेंटिमीटरपेक्षा खोल जमिनीत, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, पावसाचं पाणी रानातच अडवलेलं असताना, फुले वसुधा पेरा. मध्यम जमिनीला, तीस ते साठ सेंटिमीटर खोलीच्या, फुले सुचित्रा सांगितली आहे. तीस सेंटिमीटरच्या आतल्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, कारण ती १०५ ते ११० दिवसांत निघते आणि ओल संपायच्या आत दाणा भरून घेते. वसुधाला ११६ ते १२० दिवस लागतात.

ही जमिनीची खोली म्हणजे फक्त पुस्तकी वर्गवारी नाही. रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. मीटरभर खोलीच्या भारी काळ्या जमिनीत पिकाला घेता येण्याजोगी दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल मावते. तुमच्या वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम आहे, म्हणजे हा हौद निम्म्याहून लहान. वरून काळी माती सारखीच दिसते, पण खालचा हौद वेगळा. त्या भागात ११८ दिवसांचं वाण पेरलं तर पीक पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीपर्यंत, रान हिरवंगार दिसतं आणि दाणा भरायच्या वेळी हौद रिकामा होतो. मग कणीस पोकळ राहतं, ताट खालून वाळतं आणि वारा आला की लोळतं. खडखड्या रोगही अशाच ताणात घुसतो: बुंध्याजवळचं ताट चिरून बघा, आत काळपट, धाग्यासारखं झालेलं दिसेल. तुमच्या वरच्या अंगाची लक्षणं याच्याशी जुळतात.

उशिराचंही तसंच. २६ ऑक्टोबरला पेरलेली ११८ दिवसांची ज्वारी २० फेब्रुवारीच्या आसपास पक्व होते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पेरली असती तर जानेवारीअखेर. मधले तीन आठवडे म्हणजे सोलापूरच्या उन्हाने डोकं वर काढण्याचा काळ, आणि दाणा भरण्याचा शेवटचा टप्पा नेमका त्यात सापडतो. जुनी माणसं उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या वाफशावर पेरायची ती याच हिशेबाने. विद्यापीठाने वेगवेगळ्या तारखांना पेरून जी मुदत सांगितली तीही साधारण तिथेच येते. पाऊसच उशिरा आला तर शेतकऱ्याच्या हातात तारीख नसते, हे मान्य. पण मग वाण बदलावं. चित्रा नक्षत्र निम्मं सरल्यावर भारी रानातही कमी दिवसांच्या वाणाचा विचार करावा लागतो, किंवा त्या वर्षी हरभरा-करडईकडे वळावं लागतं. हरभरा सहा ओळी आणि करडई तीन ओळी ही कोरडवाहूला तपासलेली जोडी आहे.

खोली बघायला खर्च नाही. उन्हाळ्यात रानात पाच ठिकाणी, वर, मध्ये, खाली आणि दोन कोपऱ्यांत, पहारीने अडीच-तीन फुटांचे खड्डे घ्या. मुरूम किंवा चुनखडीचा थर कुठे लागतो ते पट्टीने मोजा आणि गटाच्या नकाशासारखं कागदावर मांडा. पेरणीआधी ओल किती खोल गेली तेही बघा. एक मीटर लांबीची बोटभर जाड सळई दोन्ही हातांनी दाबत न्या. ओल्या काळ्या मातीत ती सरसर जाते आणि ओल संपते तिथे अडते. दोन फुटांपर्यंत गेली तर ठीक. फुटावरच अडली तर कितीही भारी वाण आणलं तरी त्या वर्षी लांब मुदतीच्या ज्वारीचा भरवसा धरू नका. ज्यांनी जुलैमध्येच रानात लहान बंदिस्त वाफे ओढून पाऊस अडवलाय, त्यांची सळई शेजाऱ्यापेक्षा खोल जाते. केंद्राची वाणाची शिफारस अशी ओल धरून केलेली असते, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

खताचंही जमिनीवरच अवलंबून आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीला मध्यम जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, म्हणजे एकरी साधारण ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट. भारी जमिनीत ६० आणि ३०, म्हणजे एकरी ५२ किलो युरिया आणि ७५ किलो सुपर. सगळं पेरतानाच, बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या दोन चाड्याच्या पाभरीने बियाच्या खाली पडलं पाहिजे. नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीत तसाच पडून राहतो. कोळपण्या तीन: तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. आठव्या आठवड्यातली लोक टाळतात, कारण तेव्हा तण फारसं नसतं. पण ती तणासाठी नसतेच, रानाला पडलेल्या भेगा बुजवण्यासाठी असते. भेग उघडी राहिली की तिच्या दोन्ही भिंतींतून ओल उडते.

‘संशोधन फार्मवरच चालतं’ या तक्रारीत थोडं खरं आहे, ते नाकारत नाही. केंद्रावरचा वाफा लहान, मजूर वेळेवर, विरळणी नेटकी, एकही जागा मोकळी नाही. पुस्तकातला हेक्टरी उतारा तशा व्यवस्थापनाचा असतो. शेतात तोच आकडा येईल असं धरून कर्ज काढू नये. पण दोन वाणांमधला फरक, म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे, हा बहुतेक वेळा शेतातही तसाच राहतो, जमीन आणि तारीख जुळली तर. म्हणून शिफारशीतल्या आकड्यापेक्षा क्रम आणि अट वाचायची. आणि खात्री हवी असेल तर ती स्वतःच्या रानातच करायची. त्याची रीत सांगतो.

पुढच्या रब्बीत खालच्या भारी अंगाला, बांधावरच्या बाभळी-लिंबापासून किमान तीस-पस्तीस फूट लांब, बारा गुंठ्यांचा तुकडा धरा. एका फेरीत तीन तास पाडणाऱ्या तिफणीने दीड फुटी पेरणी करत असाल तर चार फेऱ्यांत बारा तास होतात. हा एक पट्टा. लांबी साडेसव्वीस मीटर. वसुधाचा एक पट्टा, त्याला लागून मालदांडीचा एक, ही झाली एक जोडी. अशा चार जोड्या. पेरणी जमिनीच्या उताराला आडवीच ठेवा, म्हणजे जोडीतले दोन्ही पट्टे जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि वर-खालचा फरक जोडीच्या आत शिरत नाही. जोडीत कोणतं वाण वरच्या बाजूला घ्यायचं ते दर वेळी नाणं उडवून ठरवा. चारही वेळा वसुधा खालच्या बाजूला आली तर तुलना लंगडी पडते. प्रत्येक वाणाचं पाऊण किलो बी पुरेल. ट्रॅक्टरच्या पेटीने पेरणार असाल तर वाण बदलताना पेटी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा. चार दाणे मागे राहिले तरी पुढचा पट्टा भेसळीचा होतो.

दोन्ही वाणांना खत तेवढंच, बीजप्रक्रिया तीच (काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम तीनशे मेश, म्हणजे बारीक भुकटीचं, गंधक), कोळपणी त्याच दिवशी. नव्या वाणाला लाडाने जास्त युरिया घालायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, नाहीतर तुम्ही वाण नाही, युरिया तपासलात. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून दोन ताटांत १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच अंतर ठेवा.

कापणीआधी प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांचा एकेक तास आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर कापून बाजूला काढा. आत दहा तास आणि साडेबावीस मीटर लांबी उरते. साडेचार मीटर गुणिले साडेबावीस, म्हणजे बरोबर एक गुंठा. प्रत्येक तासात दीडशेच्या आसपास ताटं असायला हवीत. मोजून बघा, एका पट्ट्यात पंधराशेऐवजी नऊशेच असतील तर उतारा वाणाने नव्हे, उगवणीने घटलाय. आणि एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: एका गुंठ्यात जेवढे किलो, जवळजवळ तेवढेच हेक्टरी क्विंटल. गुंठ्याला १३ किलो आली तर हेक्टरी १३ क्विंटल. कृषी दर्शनीतल्या आकड्याशी लगेच ताडून बघता येतं. एकरी हवं असेल तर चाळीसने गुणा: १३ किलोचे ५२० किलो.

प्रत्येक पट्ट्याची कणसं वेगळ्या पोत्यात, एक चिठ्ठी आत आणि एक तोंडाला बांधून. बाहेरची एकटी चिठ्ठी उंदीर किंवा वारा नेतो. आठवडाभर ताडपत्रीवर वाळवा, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. एका जोडीचं वजन एकाच दिवशी, एकाच काट्यावर. मळणी यंत्र दोन पट्ट्यांच्या मध्ये झाडून घ्या. कडब्याचं वजन विसरू नका. दहा पेंढ्या तोला आणि एकूण पेंढ्यांच्या हिशेबाने गुणा. आपल्याकडे चारा महागल्यावर कडब्यावरच वर्ष निघतं, त्यामुळे दाण्यात अर्धा क्विंटल पुढे आणि कडब्यात मागे असलेलं वाण तुमच्या घरी तोट्याचं ठरू शकतं. घरात दोन्हींच्या भाकरी करून बघा आणि बाजारात दोन्हींचा भाव विचारा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, दाण्याचा रंग आणि चव यांची तिथे किंमत होते.

समजा चार जोड्यांत वसुधा १४, ११, १५, १२ किलो आणि मालदांडी १२, ११.५, १३, १०.५ किलो आली. सरासरीत वसुधा सव्वा किलोने पुढे, म्हणजे एकरी ५० किलोने. पण दुसऱ्या जोडीत मालदांडी पुढे आहे. तीन विरुद्ध एक असा निकाल लागला की मी आणखी एक हंगाम बघा म्हणेन. चारही जोड्यांत एकच वाण पुढे राहिलं तर बरंचसं विश्वासार्ह. तरीही नाणं चारदा उडवून चारही वेळा छापा पडण्याची शक्यता सोळात एक असतेच, म्हणून एका वर्षावर सगळी आठ एकर बदलू नये. दोन-दोन असा निकाल आला तर तुमच्या रानात त्या वर्षी फरक नव्हता, इतकंच खरं. वरच्या मुरमाड अंगासाठी हीच रीत पुढच्या वर्षी सुचित्रा आणि मालदांडी यांची जोडी लावून करा. दोन्ही प्रश्न एकाच तुकड्यात घालू नका.

बियाण्याबद्दल थोडं. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी एकदा घेतलं की दोन-तीन हंगाम घरचं चालतं, पण रानाच्या मधली निरोगी कणसं निवडून ठेवली तरच. शेजारच्या रानातलं परागकण ज्वारीवर काही प्रमाणात येतंच. पहिल्यांदा घेताना पिशवीचं लेबल वाचा. पायाभूत बियाण्याला पांढरं, प्रमाणित बियाण्याला निळं. हिरवं लेबल म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं सत्यप्रत बियाणं, त्याला प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी नसते. ‘वसुधा’ म्हणून आणलेलं बी वसुधाच होतं का, ही शंका तुमच्या यंदाच्या अनुभवातही उरते. म्हणून चाचणीसाठी बी थेट सोलापूर किंवा मोहोळच्या केंद्रावरून घ्या. ऑगस्टमध्येच विचारणा करा, सप्टेंबरात गर्दी होते.

केंद्रावर जाताना ‘चांगलं वाण कोणतं’ असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. पाच खड्ड्यांची खोली, गेल्या तीन वर्षांच्या पेरणीच्या तारखा आणि यंदाचा उतारा असा एक कागद पुढे ठेवा. समोरचा शास्त्रज्ञ दहा मिनिटांत कामाचं बोलू लागतो, कारण त्याला हवी असलेली माहिती तीच असते. जोड-पट्ट्यांची चाचणी लावताय म्हणून सांगितलंत तर कृषी विज्ञान केंद्रालाही रस असतो. त्यांनाही दर वर्षी शेतावरच्या चाचण्यांसाठी नोंद ठेवणारे शेतकरी शोधावे लागतात. शेवटच्या वर्षाची कृषीची मुलं ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात मुक्कामाला असतील तर आखणी आणि ताटांची मोजणी त्यांच्याकडून करून घ्या. त्यांचं शिक्षण होतं, तुमचे दोन दिवस वाचतात. आणि पिशवीचं लेबल फाडून टाकू नका. पावतीसोबत त्याच वहीत चिकटवून ठेवा, उगवणीची किंवा भेसळीची तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.